नियम क्रमांक एक : भोपळा वाईट

सात वर्षांत मी एकसष्ट डाव खेळले आणि एकसष्ट हरले. हा आकडा अंदाजाचा नाही. प्रत्येक डावाची तारीख, प्रत्येकाचे भोपळे आणि निकाल माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आहेत. चौघांच्या खेळात सगळं निव्वळ नशिबावर सोडलं, तरी एकाच माणसाने ओळीने एकसष्ट वेळा हरण्याची शक्यता सुमारे चार कोटींत एक निघते. मी हे गणित तीनदा करून पाहिलं. इतकी दुर्मिळ गोष्ट घडत असेल तर नशिबाला बोल लावण्याआधी मोजपट्टी तपासावी, हे आम्हाला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. म्हणून मी कंट्रोलर तपासला. मग खुर्ची बदलली. मग एक महिना डाव्या हाताने खेळून पाहिलं. मोजपट्टी मात्र तपासायची राहिली.

खेळ एका जुन्या कन्सोलवरचा होता. टीव्हीला जोडायचं डबड्यासारखं यंत्र, त्याला चार कंट्रोलर आणि एकुलती एक डिस्क. आमच्यातल्या लंबूने ते कुठून तरी वापरलेलं आणलं होतं. सोबत माहितीपुस्तिका नव्हती, आणि पडद्यावरची लिपी कोंबडीने शाईत पाय बुडवून फेरी मारावी तशी. आम्ही चौघं शास्त्र शाखेचे. वाचता येत नाही म्हणून अडून राहणाऱ्यातले नव्हतो. निरीक्षण करायचं, अनुमान काढायचं आणि नियम लिहायचा असं ठरलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर वाचता यायचं.

फासा पडला की सोंगटी पुढे सरकायची. प्रत्येक फेरीनंतर एक छोटी चढाओढ व्हायची: दोरीवरून उड्या मारा, बादली भरा, पंपाने फुगा फुगवा. ती संपली की आकाशातून एक भोपळा यायचा आणि चौघांपैकी एकाच्या डोक्यावर पडायचा. गोल, नारिंगी, देठासकट. ह्याचा अर्थ लावायला आम्हाला अर्धं मिनिटही लागलं नाही. ज्यांना पहिलीपासून गणिताच्या पेपरावर भोपळा मिळण्याची भीती घातलेली असते, त्यांना भोपळा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मी वहीत लिहिलं: 'नियम क्रमांक एक. भोपळा वाईट.'

आता, भोपळा नेहमी सगळ्यात जास्त उड्या मारणाऱ्याच्याच डोक्यात पडतो, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. त्याचाही नियम केला. 'नियम क्रमांक चार. अतिउत्साहाला शिक्षा आहे. पडद्यावर काहीही हललं तरी आपण हलायचं नाही.'

त्यामुळे आमचा खेळ बघणाऱ्याला काहीसा वेगळा वाटत असावा. चढाओढ सुरू झाली की चौघंही कंट्रोलर मांडीवर ठेवून स्तब्ध बसायचो. जो जास्त स्तब्ध तो जास्त तरबेज. वकील ह्यात अजोड होता. तो तेव्हा वकील नव्हता, पण वाद तेव्हाही घालायचा. फुगा फुगवायच्या फेरीत तो शांतपणे चहा प्यायचा. एकदा तर डोळे मिटून बसला आणि जिंकला. माझी अडचण अशी, की समोर काही हललं की मला बटण दाबून बघावंसं वाटतं. दाबलं की काय होतं? जोरात दाबलं की? दोन एकदम दाबली की? तेवढ्यात भोपळा यायचा.

शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त भोपळे, त्याला एका टोपलीत घालून मोठ्या फुग्याने वर उडवून द्यायचे. खाली उरलेले तिघं हात हलवायचे. तिथे चित्र गोठायचं, यंत्र घर्रर्र करायचं आणि आम्ही ते बंद करायचो. खेळ संपला. एकाची हकालपट्टी, तिघं सुखरूप, आणि सुखरूपांत ज्याचे भोपळे कमी तो विजेता. वहीतला हिशेब असा: वकील चाळीस, आमच्यातली चौथी, दातवाली, चौदा, लंबू सात, मी शून्य.

विजेत्याला 'झाकण' मिळायचं. कॉलेजच्या कॅन्टीनमधल्या फुटक्या किटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण, पुढच्या डावापर्यंत घरी नेण्यासाठी. सात वर्षांत ते माझ्या घरी एकदाही आलं नाही.

पुढे लंबू जहाजावर नोकरीला लागला आणि कन्सोल आमच्या माळ्यावर गेला. मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रुजू झाले. वकील खरोखरच वकील झाला. दातवाली दातांची डॉक्टर झाली, आणि गेल्या महिन्यात तिने सांगितलं की तिला दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात जागा मिळाली आहे, सोमवारी निघणार.

"म्हणजे रविवारी शेवटचा डाव," वकील म्हणाला. "जो जिंकेल त्याच्याकडे झाकण कायमचं. नोंद कर."

मी नोंद केली. एकसष्टपैकी शून्य आणि एक संधी शिल्लक. आयुष्यात दुसऱ्या कशासाठी मी इतकी गंभीर झाल्याचं मला आठवत नाही. नोकरीच्या मुलाखतीला मी उशिरा पोहोचले होते.

माळ्यावरून खोका काढताना बाबा शिडी धरून उभे होते. खोक्यावर त्यांच्याच अक्षरात 'निरुपयोगी, पण ठेवणे' असं लिहिलेलं होतं.

"चालू होणार नाही ते," बाबा म्हणाले.

"न बघताच कसं सांगता?"

"मी तुझ्या आईचा मिक्सर बघितलाय."

चालू झालं. पण त्याच्या वायरीला तीन रंगांच्या पिना होत्या, लाल, पांढरी आणि पिवळी, आणि आमच्या नव्या टीव्हीला त्या रंगांचं एकही भोक नव्हतं. बाबांनी टीव्हीच्या मागे डोकं घालून दहा मिनिटं पाहणी केली आणि "पिवळी कुठे तरी बसेल" असा निष्कर्ष काढला. तोवर बातमी जिन्यात गेली होती. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी वायर सोलून थेट जोडायला सांगितलं. समोरच्या वहिनींनी कन्सोल दोन दिवस तांदळात ठेवायला सांगितला. त्यांचा मोबाइल तसाच बरा झाला होता. कन्सोल भिजला नव्हता, हे मी त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, "तरी ठेवून बघ, नुकसान काय?" विज्ञानात ह्या प्रश्नाला अजून समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने वायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ह्याला जुना डबा टीव्ही लागतो, मॅडम. तो आता फक्त सोसायटीच्या हॉलमध्येच मिळेल."

त्याने हे उपहासाने म्हटलं होतं, पण ते शब्दशः खरं निघालं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये खरोखरच एक डबा टीव्ही होता, आणि शेजारच्या टेबलावर बशी झाकलेली चहाची किटली. दोन्हींवर सचिवांचं बारीक लक्ष असे.

सचिवांनी मला हॉलच्या वापराचा अर्ज दिला. त्यात 'कार्यक्रमाचे स्वरूप' ह्या रकान्यात तीन पर्याय होते: सभा, समारंभ, शोकसभा.

"ह्यातलं काहीच नाही," मी म्हटलं. "आम्ही व्हिडिओ गेम खेळणार आहोत."

"खेळ मैदानात," सचिव म्हणाले. "हॉलमध्ये खेळ नाही. चेंडू पंख्याला लागतो."

"ह्यात चेंडू नाही."

"मग खेळ कसा?"

मी विचार केला. तसा प्रश्न बरोबर होता. आमच्या खेळात चेंडू नव्हता, पळणं नव्हतं, आणि तरबेज माणूस तर हलतही नसे. मैत्रीण कायमची चालली आहे असं सांगितल्यावर सचिव जरा नरमले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने 'शोकसभा'पुढे खूण केली.

"अहो, ती फक्त बदलून चालली आहे."

"आवाज कमी होतो शोकसभेत. मंजुरी लवकर मिळते." मग त्यांनी कागद उलटला. "कमिटीचा एक सदस्य निरीक्षक म्हणून पूर्ण वेळ बसेल. नंतर अहवाल देईल. अहवाल बोर्डावर लागेल. ही अट क्रमांक नऊ."

निरीक्षक म्हणून तळमजल्यावरच्या काकू नेमल्या गेल्या. काकूंनी पोस्टाच्या पार्सल खिडकीवर तेहेतीस वर्षं काढली होती. नीट न बांधलेलं पार्सल त्यांनी कधी घेतलं नाही, असा त्यांचा लौकिक होता.

शनिवारी शेवटचं संकट उभं राहिलं. डिस्क चालेना. तिच्यावर एक लांबलचक ओरखडा होता. तो जुनाच होता, पण आता यंत्र सुरुवातच करत नव्हतं. दातवालीने डिस्क उजेडात धरून तिरकी केली, डॉक्टर एक्स-रे बघतात तशी.

"पॉलिश करावं लागेल," ती म्हणाली. "दवाखान्यात घेऊन ये."

दातवालीने खुर्चीवरचा दिवा लावला, मास्क बांधला, फिरत्या ब्रशला दात चकाकवायची पेस्ट लावली आणि मधून कडेकडे, सरळ रेषेत, पाऊण तास ती डिस्क घासली. बाहेर एक रुग्ण गालावर हात ठेवून बसला होता. "आत मोठी केस दिसतेय," तो मला म्हणाला. मी हो म्हटलं. डिस्क आरशासारखी झाली आणि यंत्राने ती घेतली. त्या पॉलिशचे दूरगामी परिणाम तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाहीत.

रविवारी दुपारी तीन वाजता हॉलमध्ये आम्ही तिघं, डबा टीव्ही आणि विणकाम घेऊन बसलेल्या काकू. चौथा खेळाडू कंप्युटर असेल, असं मी सांगताच वकिलाने हरकत घेतली.

"समजा कंप्युटर जिंकला, तर झाकण कोणाला द्यायचं? ज्याला मालकी घेता येत नाही, तो स्पर्धक होऊ शकत नाही."

"मग चौथा कोण?" दातवालीने विचारलं.

तिघंही काकूंकडे बघायला लागलो.

"मी निरीक्षक आहे," काकू म्हणाल्या.

"निरीक्षकाने खेळू नये असं अर्जात कुठे आहे?" वकील म्हणाला.

काकूंनी अर्ज पूर्ण वाचला, मागची बाजूही वाचली आणि विणकाम बाजूला ठेवलं. मी त्यांना नियम समजावले. पहिलाच नियम ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या.

"भोपळा का वाईट?"

"भोपळा म्हणजे शून्य ना, काकू."

"पेपरात. इथे तर चांगला दिसतोय. देठ बघ कसा ताजा." त्यांनी कंट्रोलर उलटसुलट करून बघितला. "बांधणी चांगली आहे. मला मिळतील तेवढे मी घेणार बाबा. तुम्ही बसा हात जोडून."

"काकू, तुम्ही हराल," मी म्हटलं. माझ्या मनात त्या आधीच हरल्या होत्या. टोपलीत बसायला कोणी तरी हवंच होतं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा ती मी नसणार होते.

मी तयारी करून आले होते. आठवडाभर प्रयोगशाळेत वजनकाट्यावर नमुना ठेवल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचा सराव केला होता. इथे मी दोन्ही हातांवर बसले. दोरीची फेरी आली. दोरी फिरत होती, माझी सोंगटी दोरीत अडकून पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती, आणि मी हलले नाही. बादलीची फेरी आली. बादलीखाली एक लाल कळ दिसत होती, जी मी पूर्वी कधीच पाहिली नव्हती. ती दाबल्यावर काय होत असेल, ह्या विचाराने माझ्या मानेला घाम आला. मी डोळे मिटले. पलीकडे काकू खाडखाड बटणं दाबत होत्या, पार्सलावर शिक्के मारावेत तशा.

"अगंबाई, आणखी एक आला," काकू म्हणायच्या.

शेवटच्या फेरीत वकिलाला शिंक आली. त्याचा अंगठा बटणावर पडला, आणि त्याचं दुर्दैव असं की ती फेरी पहिलं बटण दाबणाऱ्याची होती. भोपळा त्याच्या डोक्यात पडला.

"ही नैसर्गिक आपत्ती आहे," तो म्हणाला. "ती धरू नये."

"नियम क्रमांक अकरा," मी म्हटलं. "शिंक धरली जाईल. तूच घालायला लावला होतास, लंबूच्या वेळी."

मोजणी झाली. काकू अकरा, दातवाली एक, वकील एक. मी शून्य. सात वर्षांत कोणालाही न मिळालेलं शून्य, आणि ते माझं होतं. फुगा आला, काकूंची सोंगटी टोपलीत बसली आणि वर निघाली. मी वही उघडली. तारीख लिहिली, चौघांचे भोपळे लिहिले. निकालाचा रकाना रिकामा ठेवला. तो मी लाल पेनाने लिहायचा ठरवला होता, आणि लाल पेन पर्समध्ये होतं, पर्स खुर्चीच्या मागे होती. मी वाकून ती शोधत होते.

"अगं," दातवाली म्हणाली, "हे थांबलं नाही."

मी मान वर केली. चित्र गोठलं नव्हतं. फुगा वर चालला होता. ढग आले, ढगांतून एक राजवाडा आला, आमच्यापैकी कोणीच कधी न पाहिलेला. दारात तुतारीवाले उभे होते. काकूंची सोंगटी टोपलीतून उतरली, अकरा भोपळ्यांच्या पायऱ्या झाल्या, त्या चढून ती सिंहासनावर बसली आणि तिच्या डोक्यावर मुकुट आला. मग कॅमेरा खाली वळला. खाली आम्ही तिघं होतो. आम्ही हात हलवत नव्हतो. आम्ही रडत होतो.

टीव्हीवर तुतारी वाजायला लागली.

"जिंकले वाटतं मी," काकू म्हणाल्या आणि विणकाम पुन्हा हातात घेतलं.

दातवालीने डिस्कचं रिकामं पाकीट उचलून पाहिलं. "म्हणजे तो ओरखडा..." ती म्हणाली. चित्र गोठायचं ते त्याच्यामुळे. सात वर्षं आम्ही ओरखड्याला शेवट समजत होतो.

मी वही मागच्या पानांपासून चाळायला लागले, पण दातवालीने ती माझ्या हातातून घेतली आणि बोटाने एकेक ओळ मोजत गेली. ती मोजत असताना वकील खुर्चीत हळूहळू ताठ होत होता.

"अडतीस," दातवाली म्हणाली. "एकसष्टपैकी अडतीस वेळा सगळ्यात जास्त भोपळे हिचे आहेत. अरे वकिला, ही अडतीस वेळा जिंकली आहे. तुझे किती बघू? दोन."

"थांब," वकील म्हणाला. "कायदा पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाही. ते एकसष्ट डाव त्या वेळच्या नियमांनी खेळले गेले, त्या नियमांनी निकाल लागले, आणि त्या नियमांवर," त्याने वहीचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं, "हे अक्षर कोणाचं आहे?"

अक्षर माझं होतं. सुवाच्य होतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग आजचाही डाव जुन्याच नियमांनी. आज माझे शून्य आहेत. झाकण माझं."

"आजचा निकाल लागलाय कुठे? नियम क्रमांक एकोणीस: 'निकाल वहीत लिहिल्यावरच अंतिम मानावा.' निकाल लिहिण्याआधी खरा नियम सर्वांसमोर उघड झाला. आता तो डोळ्यांआड कसा करणार? रकाना रिकामा का होता?"

मी लाल पेनाकडे पाहिलं. एकोणिसावा नियमही माझाच होता. जुन्या कायद्याने मी एकसष्ट डाव हरले होते आणि नव्या कायद्याने बासष्टावा. मधल्या ज्या काळात मी जिंकलेली होते, तो काळ पर्सची चेन उघडायला लागतो तेवढा होता. साधारण नऊ सेकंद.

"तू घातलेला वाद बरोबर असेल," दातवाली वकिलाला म्हणाली, "पण एक सांगू का? सात वर्षं ती एकटीच खेळत होती. आपण नुसते बसलो होतो."

"बसायलाही कौशल्य लागतं," वकील म्हणाला, पण जरा हळू.

"आज तिनेही दाखवलं ते," दातवाली म्हणाली. "आणि आज कशी हरली बघ."

त्यावर वकील हसला, मग दातवाली हसली. मला हसायला थोडा वेळ लागला. मी आधी कंट्रोलर उचलला, यंत्र पुन्हा चालू केलं आणि बादलीच्या फेरीपर्यंत एकटीच खेळत गेले. लाल कळ दाबली. बादली उडाली आणि सगळ्यांच्या डोक्यावर पाणी पडलं. त्याला भोपळा वगैरे काही मिळत नाही. नुसतंच पाणी पडतं. मी ती कळ आणखी चार वेळा दाबली.

झाकण काकूंना दिलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं आणि उठून टेबलावरच्या किटलीवरची बशी काढून तिथे ठेवलं. किंचित मोठं होतं, पण बसलं. दातवाली सोमवारी गेली. जाताना तिने डिस्क मागून घेतली, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे ती तिची रुग्ण होती.

अट क्रमांक नऊप्रमाणे काकूंचा अहवाल मंगळवारी बोर्डावर लागला. तो अजून तिथे आहे. 'रविवारी दुपारी हॉलमध्ये शोकसभा झाली. उपस्थिती चार. पंख्यास इजा नाही. प्रथम क्रमांक : निम्नस्वाक्षरीकार. इतर तिघे गेली सात वर्षे खेळ उलटा खेळत असल्याचे निदर्शनास आले. त्यांना तशी समज देण्यात आली. सोसायटीच्या किटलीस झाकण प्राप्त झाले. कार्यक्रम शांततेत पार पडला.'

खाली काकूंची सही आहे आणि मजकूर मान्य असल्याबद्दल आमच्या तिघांच्या. वकिलाने सहीपुढे 'सर्व हक्क राखून' असं लिहिलं आहे. मी नुसतीच सही केली. लाल पेनाने.